तुम्ही जुनं नाणं पुढे करून विचारलंत म्हणून: "याचे किती येतील?"

दोन रुपये. तेही नाणं दोन रुपयांचं असेल तर.

माझं हे उत्तर तुम्हाला तुसडं वाटतं, ठाऊक आहे मला. भिशीत, लग्नाच्या पंगतीत, दुकानात मी साखर तोलत असताना कुणी ना कुणी मूठ उघडून नाणं पुढे करतं, "तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते हं" म्हणतं. मी वरचं वाक्य बोलते आणि समोरचा चेहरा पडतो. काही जण हसून म्हणतात, "म्हणजे तुम्हालाच पाहिजे वाटतं!" त्या हसण्यापायी आज हे लिहायला बसले.

गल्ल्यावर बसून मला सव्वीस वर्षं झाली. मोड माझ्या हातून जाते तशी क्वचितच कुणाच्या जात असेल, आणि त्यातली वेगळी नाणी मी बाजूला काढते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यामुळे विचारणं साहजिकच. पण तुम्ही जे घेऊन येता ते तीनच प्रकारचं असतं. भारताच्या नकाशाचं दोन रुपयांचं नाणं, गेंड्याचे चार आणे, नाहीतर वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं. या तिन्हींचे "पाच लाख", "दीड लाख", "दहा लाख" आल्याचे व्हिडिओ तुम्ही बघितलेले असतात. नकाशाची आणि गेंड्याची नाणी टांकसाळींनी कोट्यवधींनी पाडली. गेंडा तर ३० जून २०११ नंतर चलनातूनही गेला, आता त्याचे चार आणेसुद्धा येणार नाहीत. वैष्णोदेवीवर २०१२ साल आहे. माझ्याच गल्ल्यातून दहाबारा तरी गेली असतील, मी अडवली नाहीत. गंमत बघा, पाचच्या नाण्याचे दहा लाख येतात यावर ज्यांचा विश्वास, तेच लोक दहाचं नाणं दिलं की "हे खोटं असतं, नोट द्या" म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलं, दहाच्या नाण्याचे तोवर आलेले चौदा नमुने सगळे खरे. पण आमच्याकडच्या भाजीवालीला ते कोण पटवणार!

नाण्याची किंमत ठरते कशी, हे मी सांगायला लागले की तुमचं लक्ष उडतं. तरी सांगते. सालाच्या खाली बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर नाणं मुंबईचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. एक गृहस्थ मला पटवायला आले होते की त्यांच्या नाण्यावर खूण करायची राहून गेली, म्हणून ते लाखमोलाचं. म्हटलं, काका, ती कोलकात्याला कायमचीच राहिलेली आहे. एकाच सालचं तेच नाणं एका टांकसाळीने भरपूर पाडलेलं असतं आणि दुसरीने थोडं. गोळा करणारे त्या थोड्याच्या मागे असतात, आणि त्यांनाही ते कोरं लागतं. खिशाखिशातून घासून सिंहांचे चेहरे सपाट झालेलं नाणं त्यांच्या काय कामाचं? वर तुम्ही ते चिंच लावून घासून आणता, मला चकचकीत दिसावं म्हणून. उरलीसुरली किंमत तिथेच जाते. चांदीचा रुपया असेल तर निदान चांदीचे येतात.

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया खराच दुर्मिळ आहे. पण आजीच्या ट्रंकेत निघतो तो १९३८ चा, नाहीतर १९४० चा, आणि १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आणलेली होती. एकदा एकांनी अगदी १९३९ चाच आणला. भिंगाखाली धरला तर आठाचा नऊ केलेला. आणणाऱ्याला बहुतेक माहीत नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडेच असं बघितलं जणू मीच कोरून ठेवला.

आता आक्कांचं सांगते. इतकी वर्षं टाळलं.

आक्का आमच्या गल्लीतल्या, माझ्या सासूबाईंच्या वयाच्या. महिन्याचा किराणा त्यांचा मुलगा, दत्ताभाऊजी, भरायचे. पण हिंग, काडेपेटी, उदबत्ती असलं किरकोळ आक्का स्वतः येऊन न्यायच्या. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एके दिवशी त्यांनी काडेपेटीचा रुपया ठेवला आणि तो उचलायच्या आतच म्हणाल्या, "चालत नसला तर दुसरा देते गं. पिठाच्या गिरणीत घेतला नाही."

मी बघितला. स्टीलचा रुपया. एका बाजूला कणसं, मधे एक, खाली साल. पालथा केला तर सिंह नव्हतेच. तिथेही तीच कणसं, तोच एक, पण आरशातल्यासारखा उलटा आणि आत खोल गेलेला. याला नाणी जमवणारे लखी म्हणतात. टांकसाळीत आधीचं पाडलेलं नाणं ठशातून सुटत नाही, तिथेच चिकटून राहतं, आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच येऊन दाबली जाते. मग एका बाजूला ठसा उठतो आणि दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी त्या अडकलेल्या नाण्याचा साचा. दोन नाणी पकडीत आवळून अशी नक्कलही करतात, पण त्यात दुसऱ्या बाजूचा ठसा चेपलेला असतो. आक्कांच्या रुपयाची सरळ ठशाची बाजू कुठेही चेपलेली नव्हती. तोपर्यंत मी असं नाणं फक्त एका प्रदर्शनात काचेआड बघितलं होतं.

मी म्हणाले, "असू दे आक्का. चालवते मी कुठेतरी."

त्या किती बरं वाटून हसल्या! "तुझं भलं होवो" म्हणाल्या. गिरणीवाल्याने चार लोकांत रुपया परत केला, त्याचं त्यांना लागलं होतं. काडेपेटी पिशवीत टाकून गेल्या, आणि मी तो रुपया गल्ल्यात न टाकता ब्लाउजच्या आत ठेवला. पुढे पुण्याच्या एका नाणी-प्रदर्शनात तो अठराशे रुपयांना गेला.

यावर मी स्वतःशी इतकी भांडले आहे की दोन्ही बाजूंचे वकील मला तोंडपाठ आहेत. तेव्हाची मी म्हणते: गिरणीवाल्याने नाकारलेलं नाणं मी घेतलं, त्यांची काडेपेटी झाली, यात फसवणूक कसली? मी ओळखलं ते माझ्या कष्टाने. भिंग माझं, पुस्तकं माझी, दुपारी दुकान बंद करून डोळे फोडले ते माझे. भंगारवाला पितळेची समई घेताना आतली चांदीची वात सांगतो का? आत्ताची मी म्हणते: ते सगळं खरं, पण "चालवते मी कुठेतरी" हे वाक्य कशासाठी होतं? नुसतं "असू दे" म्हणाली असतीस तरी चाललं असतं. त्यांच्यावर उपकार केल्यासारखं का दाखवलंस? यावर तेव्हाच्या मला उत्तर देता येत नाही. मग ती चिडते आणि म्हणते, अठराशे परत नेऊन दिले असते तर आक्कांनी घेतले असते का? नसते घेतले. पण मी नेलेही नाहीत.

उलट मी ती गोष्ट मिरवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण देता देता, "बायांनो, एका रुपयाचे अठराशे आले" म्हणून. आक्कांचं नाव घेतलं नाही. पण गिरणीत परत आलेला रुपया गल्लीत किती जणींचा असणार?

आक्का त्यानंतरही येत राहिल्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग २०२१ ची दिवाळी झाल्यावर दत्ताभाऊजी आले. हातात वैष्णोदेवीचं पाचचं नाणं, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घातलेलं. मोबाईलवर कुणाशी तरी बोलणं झालेलं दिसत होतं. मी नेहमीचं उत्तर दिलं, "पाच रुपये येतील." ते काही बोलले नाहीत. मी समजावायला लागले, की ही नाणी भरपूर आहेत, जाहिरातीत लिहिलेली किंमत ही नुसती मागितलेली असते, त्या किमतीला कुणी घेतलेलं नसतं. ऑगस्टमध्येच रिझर्व्ह बँकेने कळवलंय, आमच्या नावाने जुन्या नाण्यांचे व्यवहार करणारे भामटे आहेत, आम्ही कुणाकडून फी मागत नाही. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"आईच्या रुपयालाही तुम्ही असंच म्हणाला होता वहिनी. चालवते मी."

आणि पिशवी खिशात घालून गेले.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. आधी नोंदणीचे अकराशे. मग जीएसटी, मग विमा, मग "रक्कम मोठी असल्यामुळे" आगाऊ आयकर. प्रत्येक वेळी रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र मोबाईलवर यायचं. एकदा तर नोटांनी भरलेल्या खोक्याचा फोटो आला, वर कागदाची पट्टी आणि पट्टीवर दत्ताभाऊजींचं नाव. पतपेढीतली आरडी मोडली. एकूण एकेचाळीस हजार. घरात कळलं तेव्हा तो नंबर बंद झाला होता. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. पैसे मिळाले नाहीत.

मी जबाबदार आहे का? आमचे हे म्हणतात, "तू काय नाणं विकायला लावलंस का त्याला? उलट नको म्हणालीस." बरोबर आहे. हावेपायी लोक फसतात, असंही म्हणून बघितलं मी. पण दत्ताभाऊजी हावरट नाहीत. दुकान नाही, दोन मुलींची शिक्षणं, आणि समोर एक बाई बसलेली जिने त्यांच्याच आईच्या रुपयाचे अठराशे केले. रुपयाचे अठराशे होतात हे त्यांना कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं होतं, तिळगूळ वाटता वाटता. मग पाचाचे दहा लाख का होऊ नयेत? आणि ज्या बाईने तेव्हा खरं सांगितलं नाही, तिचं आता खरं का मानावं?

उलटंही म्हणता येतं. तो रुपया खरंच वेगळा होता आणि हे पाचचं नाणं खरंच साधं आहे, हा फरक सांगणारं त्यांच्या ओळखीत माझ्याशिवाय कोण होतं? तेव्हा मी लबाडी केली नसती, तर त्यांनी माझं ऐकलं असतं का, की तरीही त्या फोनवरच्या माणसाचंच ऐकलं असतं, कारण तो दहा लाख म्हणत होता आणि मी पाच? मी रात्री कधी असं ठरवते, कधी तसं.

तर मी "दोन रुपये" असं तोडून का बोलते, तुम्ही विचाराल. गोड बोलून, "ठेवा हो जपून, पुढेमागे येतील काही" म्हणायला मला काय जातं? पूर्वी म्हणायचे मी तसं. तुम्ही खूश होऊन जायचात, जाताना पावशेर शेंगदाणे जास्त घ्यायचात. आता मला तसं बोलवत नाही.

एक मात्र बदललं. तुमच्या मोडीत खरोखर काही निघालं, ठसा सरकलेलं, पालथं केल्यावर चित्र फिरलेलं, तर मी ते तुमच्यासमोर धरते आणि सांगते. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या पोराला सांगितलं. त्याने ते माझ्या हातून घेतलं आणि लगेच मोबाईलवर कुणाला तरी दाखवायला बाहेर गेला. शाम्पूच्या पुडीचे पैसे द्यायचे विसरला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. ते नाणं मला हवं होतं.

दत्ताभाऊजी आता किराणा बाजारातून भरतात. आक्का येतात, काठी घेऊन. परवा आल्या, तर उदबत्तीच्या पुड्यासाठी कनवटीचा बटवा काढला आणि सगळी नाणी काउंटरवर ओतली. दहाची दोन, पाचची तीन, बाकी एक-दोनची, आणि आठ आण्याचं एक, जे कायद्याने अजून चालतं पण माझ्याकडूनही कुणी घेत नाही.

"बघ गं," म्हणाल्या, "यातलं काही निघतं का."

चेष्टेने म्हणाल्या की कसं, मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिथे काही दिसत नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि एकेक नाणं दोन्ही बाजूंनी बघायला लागले.