ग्रीन सोसायटीचं लाइट बिल

फ्लॅट विकताना बिल्डरने ‘ग्रीन बिल्डिंग’चा इतका घोष केला होता की राहायला आल्यावर बिल आपोआप निम्म्यावर येईल, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. हलक्या ब्लॉकच्या भिंती, दुहेरी काच, गच्चीवर पांढरं चायना मोझॅक, सोलर वॉटर हीटर, सगळं खरंच होतं. बिल मात्र जुन्या घरासारखंच येत राहिलं.

मी कमिटीत, त्यामुळे शोध घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लोकांकडे लाइट बिल मागणं म्हणजे पगार विचारण्यासारखंच, तरी बऱ्याच जणांनी दिलं. एकाच बाजूचे, एकाच मापाचे दोन फ्लॅट, दोन्हींत माणसं चार-चार. एकाचं बिल दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. भिंती त्याच, काच तीच. मग मी घराघरांत डोकावायला सुरुवात केली.

सगळ्यात गमतीशीर प्रकार सोलरचा निघाला. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचा रॉड असतो. बऱ्याच घरांत त्याचं बटण बारा महिने चालूच. सकाळी आंघोळी आटोपल्या की टाकीत गार पाणी शिरतं आणि थर्मोस्टॅट लगेच रॉड सुरू करतो. ऊन चढेपर्यंत पाणी विजेवरच तापलेलं असतं, सूर्याला काम उरत नाही. इलेक्ट्रिशियनने बटणाशेजारी लाल दिवा आणि टायमर बसवून दिला. दिवा दिसायला लागल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही.

एसीचं प्रकरण अवघड. नव्या स्टार लेबलच्या एसींना १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांचं डिफॉल्ट आहे, आणि एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. पण डिफॉल्ट बदलायला रिमोट हातात असतोच. आमच्याकडे १८ वर एसी आणि अंगावर रजई अशी मंडळी आहेत. २६ वर ठेवून पंखा लावून बघा, असं एका काकांना सुचवलं, तर म्हणाले, “बिल मी भरतो ना?” यावर काय बोलणार! आणखी एका घरात तर, घर आता थंड राहतं म्हणून दुसऱ्या बेडरूमलाही एसी आला.

खिडक्यांपाशी मात्र मला लोकांचंच म्हणणं पटलं. दिवसा बंद ठेवायच्या, रात्री समोरासमोरच्या उघडून भिंतींतली उष्णता बाहेर काढायची, असं डिझाइन. आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना हे कुणी शिकवायला नको. तरी संध्याकाळ झाली की सगळ्या खिडक्या बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, “अरे, विश्वामित्री नदीवरचे डास काय तू मारणार?” आर्किटेक्टने वारा धरला होता, डास धरले नव्हते. सरकत्या खिडक्यांना जाळी बसवायची सोयच नव्हती. फ्रेम बदलून जाळ्या लागल्या आणि मार्चमध्ये अनेक घरांत रात्री उशिरापर्यंत एसी लागेनासा झाला. मे महिन्यात अर्थात जाळीचा काही उपयोग नाही, बडोद्याची रात्रही तेव्हा तापलेलीच असते.

पश्चिमेकडच्या काहींनी बाल्कनी काचेने बंद करून घेतल्यात, त्यामुळे दुपारचं ऊन थेट घरात कोंडतं. तिथे बाहेरून बांबूचे चिक, म्हणजे पट्ट्यांचे पडदे, लावायचा ठराव मीटिंगमध्ये आणला आहे. चिक लावायचे यावर सगळ्यांचं एकमत आहे, पैसे कुणी द्यायचे यावरून गाडी अडली आहे.