साक्षीचा मजकूर आणि वीस लिटर डिझेल

दर तीन महिन्यांनी मिशनच्या कार्यालयाकडून ई-मेल येतो. प्रार्थनेचे विषय, धन्यवादाचे विषय आणि एक साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची हकिकत, तीनशे शब्दांत, सोबत फोटो. प्रार्थनेचे विषय मी पाच मिनिटांत लिहून टाकतो: वीज, डिझेल, पाऊस, मलेरिया. धन्यवादाचेही सुचतात. घोडं अडतं ते साक्षीपाशी. साक्षीची एक ठरलेली चाल असते. संकट, गुडघे टेकणं, उत्तर, हालेलूया. मी पडलो मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझ्याकडची संकटं सुटतात ती बहुधा फ्यूज बदलल्यावर.

मलावीच्या मांगोची जिल्ह्यात, चर्चच्या एका रुग्णालयात मी उपकरणांची देखभाल करतो. वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह, सक्शन पंप, लसींचे फ्रीज आणि सगळ्यांत जास्त म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. हे मशीन खोलीतली हवा आत ओढतं, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकवून ठेवतं आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन बाहेर सोडतं. त्याला फ्लो स्प्लिटर जोडला की नवजात बाळांच्या खोलीत चार-पाच बाळांना एकाच मशीनवरून ऑक्सिजन देता येतो, कारण एवढ्याशा जिवाला मिनिटाला अर्धा-एक लिटर पुरतो. सिलिंडर भरून आणायची कटकट नाही. फक्त वीज हवी. त्या 'फक्त'मध्ये माझी सगळी नोकरी मावते.

देशातली जवळजवळ सगळी जलविद्युत शिरे नदीवर तयार होते आणि ही नदी मलावी सरोवरातून निघते ती इथेच, मांगोचीजवळ. म्हणजे विजेचं पाणी आमच्या दारावरून जातं. वीज परत येताना मात्र वाटेत बरंच काही घडतं. जानेवारी २०२२ मध्ये आना चक्रीवादळाच्या पुराने याच नदीवरच्या कपिचिराच्या धरणाचं इतकं नुकसान केलं की तिथलं वीजकेंद्र वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. वीज नसली की जनरेटर. जनरेटरला डिझेल. आणि परकीय चलनाची टंचाई असली की पंपावर डिझेल नाही, नुसत्या गाड्यांच्या रांगा.

असं सगळं असलं तरी, खरं सांगायचं तर, या अडचणींनी माझ्या विश्वासाला कधी धक्का लावला नाही. अडचण असली की प्रार्थना सोपी असते. काय मागायचं ते ठाऊक असतं. वीज येऊ दे. पार्ट कस्टममधून सुटू दे. पंपावर आज टँकर येऊ दे.

धक्का बसला तो सगळं व्यवस्थित चालू असताना. जून महिना होता. इथे तो थंडीचा. वीज होती, व्होल्टेज स्थिर होतं, कॉन्सन्ट्रेटर मी स्वतः ऑक्सिजनची शुद्धता मोजणारा ॲनालायझर लावून तपासला होता. फिल्टर धुतलेले, नळ्या नव्या. किलोभराचंही नसलेलं एक बाळ पहाटे गेलं. सिस्टरांनी करायचं ते सगळं केलं होतं. बाळाची आजी बाहेरच्या शेडमध्ये होती. इथे प्रत्येक रुग्णासोबत घरचं कोणीतरी येऊन राहतं, सरपणावर स्वयंपाक करतं, त्यांना 'गार्डियन' म्हणतात. ती उठली, तिने चितेंजेचं कापड झटकलं, बाळाला त्यात गुंडाळलं आणि गाडी मिळते का ते बघायला गेटकडे निघाली. मी मशीनपाशी उभा. ॲनालायझर पुन्हा लावला. आकडा बरोबरच होता. ज्याच्यावर ठपका ठेवावा असं काही उरलंच नव्हतं, आणि म्हणून तो देवाकडे गेला.

त्यानंतर बरेच आठवडे माझ्याकडून प्रार्थना झाली नाही. रागाने म्हणावं तर तसंही नाही. तोंड उघडलं की पुढे काही येईना.

आमच्याकडे दिवस सकाळच्या उपासनेने सुरू होतो आणि तिला लागूनच रात्रपाळीचा अहवाल असतो, त्यामुळे दांडी मारता येत नाही. गाणी इथल्या चिचेवा भाषेत, वाद्याशिवाय, चार आवाजांत. कोणी कोणाला पट्टी देत नाही. एक बाई सुरू करते आणि तिसऱ्या शब्दाला मागचे पुरुष खालचा सूर पकडतात. मला अर्धे शब्द कळत नाहीत, पण खर्जात उभं राहायला तेवढं पुरतं. शेवटची प्रार्थना पाळीपाळीने, यादी मेट्रनबाईंकडे. माझी पाळी आली तेव्हा मी मान हलवली. त्यांनी विचारलं नाही, बाजूला घेऊन समजूत काढली नाही. माझ्या नावापुढे पेनाने एक बाण काढला आणि पुढच्या माणसाला उभं केलं. पुढच्या फेरीत पुन्हा बाण. माझ्या वाट्याची प्रार्थना कधी लॅबवाला म्हणायचा, कधी धुलाईवाली, आणि अहवाल वेळेवर सुरू व्हायचा.

मार्क २ मधली पक्षघाती माणसाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. चौघे त्याला घेऊन येतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून खाट खाली सोडतात. (देखभालवाल्याची शंका: ते छप्पर नंतर कोणी शाकारलं, हे कुठेच लिहिलेलं नाही.) येशू त्यांचा विश्वास पाहतो आणि खाटेवरच्याशी बोलतो. तो खाटेवरचा माणूस पूर्ण प्रसंगात एक अक्षर बोलत नाही. त्याला यायचं होतं की नव्हतं, तेही आपल्याला ठाऊक नाही. मी इतकी वर्षं स्वतःला त्या चौघांपैकी एक समजत होतो. मिशनवर येणारा माणूस आणखी काय समजणार? खाट उचलायलाच तर तो आलेला असतो.

त्याच सुमारास एका रविवारी केप मॅक्लिअरला गेलो. स्कॉटलंडच्या लोकांनी १८७५ मध्ये लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केलं ते तिथे, सरोवराच्या दक्षिण टोकाला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची थडगी आहेत, मरणाऱ्यांत मलेरियाने गेलेले बरेच. १८८१ मध्ये ते ठाणं उत्तरेला बांदावेला हलवलं गेलं. तोवर बाप्तिस्मा झाला होता तो एकाचा, आल्बर्ट नामालांबे नावाच्या तरुणाचा. आमच्या कार्यालयाने हा अहवाल वाचून फोटो मागितला असता का, असा एक कुजका विचार मनात आला. पण मिशनरी निघून गेल्यावर तिथली शाळा चालवत मागे राहिला तो हाच नामालांबे.

मग आला फेब्रुवारी. पावसाळ्याचं ऐन तोंड म्हणता येणार नाही, पण विजा पडायचे दिवस. ट्रान्सफॉर्मर गेला. पंपावर डिझेल नव्हतं, जनरेटरच्या टाकीत काडी घातली तर ती जेमतेम ओली होत होती. नवजात खोलीत तीन बाळं ऑक्सिजनवर. भरलेला सिलिंडर एकच, तोही पहाटेपर्यंत पुरणारा नाही. आम्ही फोन करत सुटलो. ड्रायव्हरने कोणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कोणाला तरी, आणि अंधार पडता पडता गेटवर सायकल आली. मागे रबराच्या पट्ट्यांनी आवळलेला वीस लिटरचा कॅन. बाजारापलीकडे मक्याची गिरणी आहे, इकडे 'चिगायो' म्हणतात, तिचे म्हातारे मालक स्वतः घेऊन आले होते. मांगोचीतले बहुतेक याओ लोक मुसलमान, तसेच तेही. त्यांनी इंजिनाची टाकी उपसून आणली होती.

"आणि उद्या गिरणी?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत दळायला कोणाकडे मका आहे, अचिम्वेने, भाऊ? जुना संपला, नवा शेतात उभा. तुम्ही आधी इंजिन लावा, मग बोला."

जनरेटर रात्रभर चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रान्सफॉर्मर बदलला. तिन्ही बाळं त्या आठवड्यात तरी ठीक होती. पुढचं मी विचारायला गेलो नाही, कारण जूननंतर मी तो हिशेब देवासमोर मांडणं सोडून दिलंय. ते बाळ का गेलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि या तीन बाळांकडे मी त्याचं उत्तर म्हणून पाहत नाही.

पण त्या सोमवारी मेट्रनबाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि सवयीने बाण काढायला पेन टेकवलं, तेव्हा मी उभा राहिलो. स्वतःचं काही सुचलं नाही. मोडक्यातोडक्या चिचेवात प्रभूची प्रार्थना म्हटली, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' पर्यंत आलो आणि पुढची ओळ विसरलो. बाकीच्यांनी ती म्हणून टाकली. मग रात्रपाळीचा अहवाल.

या वेळच्या साक्षीत मी गिरणीची हकिकत लिहिली. कार्यालयातून उत्तर आलं, फार छान आहे, फोटोही पाठवा, आणि ते गृहस्थ आता चर्चला येऊ लागले आहेत का? मी कळवलं की ते शुक्रवारी मशिदीत जातात आणि त्यांना त्यांचं डिझेल परत हवंय. पैसे नकोत म्हणाले. भाव आज एक, उद्या एक. लिटरला लिटर. शिवाय त्यांच्या इंजिनाचा एक इंजेक्टर गळतोय, शनिवारी हत्यारं घेऊन यायला सांगितलंय. कणसं भरायला लागलीत, एप्रिलमध्ये दळणाची रांग बाजारापर्यंत जाईल, तोवर इंजिन धड हवं, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय.