उद्धरणांच्या आकड्यामागचे काम
एखाद्या जैववैद्यकीय संशोधकाची प्रकाशनसूची हाती आली की माझी नजर अजूनही आधी एच-इंडेक्सकडे जाते, आणि ही सवय मोडायला हवी असे मला मनापासून वाटते. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला हा निर्देशांक २० असेल, तर त्या संशोधकाच्या २० शोधनिबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे, म्हणजे इतर शोधनिबंधांतले उल्लेख, मिळालेली असतात. पण त्यांतल्या एखाद्याला २१ मिळाली की २,०००, हे त्यावरून कळत नाही. लेखकांच्या यादीत त्याचे स्थानही कळत नाही, आणि या क्षेत्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे, तर शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते.

लौरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा शोधनिबंध पाहा. त्याला ३ लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली, कारण ती पद्धत वापरणारे संशोधक त्याचा हवाला देत राहिले. हा उपयोग मोठाच आहे, पण नव्या शोधाचे मोल मोजण्याचे ते माप नव्हे.

म्हणून हल्ली मी सूचीतले दोन-तीन निबंध उघडतो आणि इतरांनी त्यांचा उल्लेख नेमक्या कोणत्या वाक्यात केला आहे, पद्धत म्हणून, आधार म्हणून की निष्कर्ष खोडून काढण्यासाठी, ते शोधून वाचतो.