ज्या पेटीचं तिकीट, त्याच पेटीत : माय स्टॅम्पची दुसरी शीट

माय स्टॅम्प म्हणजे शेजारी आपल्या पसंतीचा फोटो छापून टपाल खातं देतं ती तिकिटं. त्यांच्या पहिल्या शीटची अकरा तिकिटं संपली, एक अल्बमात ठेवलं. दुसरी शीट परवा हातात आली, म्हणून आतापर्यंतचं लिहून ठेवतो.

बेत साधा आहे. लाल टपालपेटीचा फोटो काढायचा, माय स्टॅम्पवर छापून घ्यायचा आणि ते तिकीट लावलेलं पाकीट त्याच पेटीत टाकायचं. मला एका शीटवर एकच फोटो मिळाला, त्यामुळे एक शीट म्हणजे एक पेटी. पाच रुपयांची बारा तिकिटं, शीटचे तीनशे मोजले. दर्शनी किंमत साठच, वरचे दोनशे चाळीस हौसेचे. घरी हा हिशेब मी अजून फोडलेला नाही.

खिडकीवरच्या मॅडमनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "फोटो कुणाचा?"
"टपालपेटीचा."
"तुमचा नाही?"
"नाही."
त्यांनी शेजारच्या साहेबांना हाक मारली, दोघं हसले आणि फोटो पास झाला. खरं तर माणसांखेरीज वास्तू, प्राणी-पक्षी, कलाकृती, संस्थेचं बोधचिन्ह, असं बरंच काही चालतं. ओळखपत्राची प्रत मात्र द्यावीच लागते, आणि त्याचा राग मानू नका. डिसेंबर २०२० मध्ये कानपूरला चक्क दोन गुंडांचे फोटो माय स्टॅम्पवर छापून बाहेर पडले होते.

पहिल्या शीटच्या वेळी मी फोटोतच आपटलो होतो. गल्ली, पिंपळ, सायकल, कोपऱ्यात पेटी. मोबाइलवर झकास दिसत होतं. तिकिटाशेजारच्या टॅबएवढं, म्हणजे फोटो छापतात त्या चौकटीएवढं केलं तर पेटीचा झाला लाल ठिपका. मग नियम केला : घरच्या प्रिंटरवर अंगठ्याएवढी प्रत काढायची, आईच्या हातात द्यायची आणि विचारायचं, हे काय आहे? दुसऱ्या प्रयत्नाला आई म्हणाली, "गॅसचा सिलिंडर का रे?" चूक तिची नव्हती. भर दुपारच्या उन्हात लाल रंग चकाकून पेटीचं तोंडच दिसेनासं झालं होतं. तिसरा फोटो ढगाळ सकाळी, पेटीच्या उंचीला वाकून, वरची टोपी आणि पत्र टाकायची फट चौकटीत भरून काढला. आई पास म्हणाली.

आता आम्हा तिकीट जमवणाऱ्यांतला जुना वाद : फोटो खरंच तिकिटावर येतो का? फोटो असतो तो भाग म्हणजे तिकीट नव्हे, तो टॅब. मूल्य शेजारच्या छापील तिकिटाला. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियानं ही कल्पना आणली तेव्हाही अशीच जोडी होती. आपल्याकडे ती २०११ च्या इंडिपेक्स या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात आली. "मग माझा फोटो तिकिटावर आला" असं म्हणणाऱ्या मित्रांना मी मुद्दाम महर्षी कर्व्यांचं १९५८ चं तिकीट दाखवतो. हयातीत भारतीय तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय, तेही वयाची शंभरी गाठल्यावर. आपण तीनशे रुपयांत टॅबवर!

हा फरक आत्याला सांगायचा राहिला आणि घात झाला. पहिलं पाकीट तिला पाठवलं होतं, जपून ठेव असं बजावून. महिन्यानं गेलो तर तिनं देवघराच्या काचेला फोटो चिकटवलेला. फक्त फोटो. तिकीट आणि टॅबमधल्या दातेरी रेषेवर नखानं सुरेख फाडून घेतलेला. तिकीट आणि वरचा सुंदर गोल शिक्का पाकिटासकट रद्दीत. "अरे, तुझा फोटो तेवढा ठेवलाय," ती कौतुकानं म्हणाली. काय बोलणार? चहा प्यायलो.

उरलेल्या दहांपैकी सहांवर शिक्का तिकीट आणि टॅब दोन्हींवर बसला, म्हणजे हवा तसा. दोनांवर तो नुसत्या तिकिटावर. एक कोरंच पोचलं, आणि एकावर कुणीतरी निळ्या बॉलपेननं फुली मारली. तीही नेमकी पेटीच्या तोंडावर. ते पाकीट मी फेकलं नाही. अल्बमात तेच सगळ्यात आधी दाखवावंसं वाटतं.

दुसऱ्या शीटला दोन बदल केलेत. तिकीट-टॅबची जोडी पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला घट्ट न लावता कडेपासून बोटभर आत लावतोय, शिक्क्याला जागा राहते. आणि पाकिटात जाड कार्ड घालतो, म्हणजे ते दुमडत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मिळून चौदा ग्रॅम भरलं, वीसच्या आतच.

या दुसऱ्या शीटवरची पेटी आजोळची आहे, कोकणात वाण्याच्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेली छोटी पेटी. मुक्काम दोनच दिवसांचा, त्यामुळे बाराही पाकिटं पत्ते घालून तयार नेणार आहे. आत्याच्या पाकिटावर मागच्या बाजूला लिहिलंय : कात्री, नख, काही लावू नकोस, आख्खं ठेव.