देवाशी कट्टी

माझी भाची पाच वर्षांची आहे, आणि रात्री झोपायच्या आधीची तिची प्रार्थना म्हणजे आम्हा मोठ्यांना हसू दाबायची परीक्षाच असते. आजी, मम्मी, संडे स्कूलची टीचर, शेजारचा कुत्रा, सगळ्यांची नावं होतात, मग मागण्या सुरू, मग एका दमात आमेन. फेब्रुवारीपासून त्यात एक मागणी रोज यायला लागली, "देवा, निफाडच्या आबांच्या द्राक्षांवर गारा पाडू नको." आबा म्हणजे माझे काका. बाग तोडणीला आलेली असताना अवकाळी आली की काय होतं ते नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, मणी तडकतात आणि व्यापारी फोन उचलायचा बंद होतो.

त्याच महिन्यात नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. आम्ही शरणपूरवाले, चर्च वेगळं, तरी जातोच, मुंबई-वसईहून येणाऱ्यांची गर्दी बघायलाही मजा येते. बाळ येशूची ही भक्ती मूळची प्रागमधली, तिथली मूर्ती १६२८ मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेलाइट साधूंना दिली. जेमतेम दीड फुटाची, डोक्यावर राजाचा मुकुट, हातात पृथ्वीचा गोळा आणि वय आमच्या भाचीपेक्षाही कमी. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याला सांगितलं तर लगेच कळेल." मेणबत्ती लावली, द्राक्षांचं परत एकदा सांगून झालं.

मार्चमध्ये गारा पडल्याच.

त्या रात्री प्रार्थना नाही. "मी त्याला सांगितलं होतं ना," एवढंच, आणि भिंतीकडे तोंड. देवाशी चक्क कट्टी! आमची आई घाबरली, असं बोलू नये बाळा, देवाची इच्छा वगैरे. मला मात्र वाटलं की घरात त्या दिवशी देवाला खरंखुरं धरून बसलेली हीच एक, कारण ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्यावर कोण रुसतंय? आम्ही मोठे "त्याची इच्छा" म्हणून मोकळे होतो, त्यात विश्वास किती आणि आधीच सोडून दिलेली आशा किती, हे आमचं आम्हालाच ठाऊक.

मुलांसारखे व्हा असं येशू म्हणाला ते मत्तयाच्या १८ व्या अध्यायात आहे, आणि त्यावरची प्रवचनं ऐकली की वाटतं मुलं म्हणजे गरीब गाय, सांगितलेलं ऐकणारी. कुठल्या घरात असतात अशी मुलं? मला त्यापेक्षा १३१ वं स्तोत्र पटतं, तीनच ओव्यांचं. त्यात आईजवळ शांत बसलेलं मूल आहे, पण ते दूध तोडलेलं मूल आहे. म्हणजे आधी किती रडून, किती आदळआपट करून झालेली असणार, आणि आता दूध मिळणार नाही हे कळूनही ते त्याच मांडीवर आहे.

आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं तरी काय वेगळं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंना केवढा धक्का बसला, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचा स्वतः विचार करून, नवऱ्याच्या मागे फरफटत नाही.

भाचीची कट्टी फार टिकली नाही, दात हलायला लागला होता आणि त्याबद्दल बोलायला देवच लागत होता. द्राक्षांचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. एप्रिलमध्ये निफाडला गेलो तर आबांची खरड छाटणी चाललेली, सगळी बाग बोडकी. भाचीने विचारलं, परत गारा पडल्या तर? आबा कात्री न थांबवता म्हणाले, "पडतील की. तू सांगत राहा त्याला, मी या वर्षी बागेवर प्लॅस्टिक टाकायचं बघतो."