गोमाचा नाका

शिनोळीच्या नाक्यावर सकाळी चहाला थांबलो की मला गोमा आठवतं. चंदगडकडची माणसं रताळ्याची पोती टेम्पोत टाकून बेळगावच्या मार्केटला निघालेली असतात. पाटी वाचली नाही तर हद्द कुठं लागली तेही कळत नाही. काँगोतलं गोमाही तसंच. शहराला लागूनच रवांडाचं गिसेनी. बायका डोक्यावर भाजीची टोपली घेऊन रोज नाका ओलांडायच्या.

2012 साली मी तिथं युएनच्या मिशनवर होतो, वायरलेसच्या ड्युटीला. 2002 मध्ये न्यिरागोंगो डोंगर फुटून लाव्हा शहरातून वाहिला होता, त्याच काळ्या दगडाच्या कुंपणभिंती सगळीकडे. रस्त्यावर चुकुडू, म्हणजे अख्खी लाकडी दोनचाकी, पेडल नाही. पोरं तिच्यावर बटाट्याची पोती लादून चढाला छातीनं रेटत न्यायची.

20 नोव्हेंबरला काँगो सरकारविरुद्ध लढणाऱ्या एम-23 या गटाच्या बंडखोरांनी गोमा घेतलं. विमानतळ युएनकडे राहिला, शहर गेलं. पुढं बोलणी बसली ती युगांडात, कंपालाला. ग्रेट लेक्स भागातल्या देशांची संघटना मध्यस्थ, आणि तिचे अध्यक्ष युगांडाचेच राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी. बंडखोरांना रवांडा आणि युगांडाची मदत आहे, असं युएनच्याच तज्ज्ञांच्या अहवालात लिहिलेलं होतं. दोघांनीही ते नाकारलं.

मला आमच्या बांधाची बैठक आठवली. भावकीचा वाद, आणि पंच म्हणून जो बसला त्याची विहीर त्याच बांधाला लागून! निकाल काय येणार हे आईनं आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

2022 मध्ये काँगो पूर्व आफ्रिकी समुदाय या शेजारी देशांच्या संघटनेत गेला. रवांडा तिथं आधीपासूनच. त्या समुदायाचं सैन्य आलं, पण ते बंडखोरांशी लढत नाही म्हणून काँगोनंच 2023 च्या डिसेंबरात त्याला परत पाठवलं. मग दक्षिण आफ्रिकी देशांच्या संघटनेचं, म्हणजे एसएडीसीचं सैन्य आलं. दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावीची पोरं. त्यांतली कितीतरी 2025 च्या जानेवारीत मेली, आणि मार्चमध्ये संघटनेनं मिशनच आवरतं घेतलं.

शेजाऱ्यानं यावं, असंच मला वाटतं. न्यूयॉर्कहून ठराव येईपर्यंत गावं जळून जातात. गांबियात निवडणूक हरूनही राष्ट्राध्यक्ष जामेह खुर्ची सोडेना, तेव्हा 2017 मध्ये इकोवासनं, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेनं, सेनेगलचं सैन्य पुढं करून त्याला काही दिवसांत घालवला. पण तिथं शेजारी एकमतानं एका बाजूला होते. गोमात शेजारीच वादात उतरलेला. त्याला लढाईतून बाहेर काढायच्या आधी पंचाच्या ओळीत बसवला, ही खरी चूक. आपल्या सार्कच्या सनदेत तर दोन देशांतले वाद चर्चेलाच घ्यायचे नाहीत असं लिहून ठेवलंय, म्हणजे बैठकच नाही.

गोमात आमच्याबरोबर एक दुभाषी होता. रात्री गिसेनीचे दिवे दाखवून म्हणायचा, "जिरानी." स्वाहिलीत शेजारी. त्याची बायको रोज तिकडे टोमॅटो विकायला जायची.

27 जानेवारी 2025 ला गोमा परत बंडखोरांच्या हाती पडल्याची बातमी आली. मी दिवसभर त्याचा नंबर लावत होतो. चौथ्या दिवशी मेसेज आला: मुलं बरी आहेत, वीज नाही, तळ्याचं पाणी उकळून पितोय.