कोरो तोरो

आज बारावीला मानवाची उत्क्रांती शिकवत होते. ऑस्ट्रेलोपिथेकस, म्हणजे दोन पायांवर चालणारे माणसाचे फार जुने नातलग, म्हटलं की पोरं लगेच इथिओपियात सापडलेला ल्युसीचा सांगाडा सांगतात, म्हणून मुद्दाम मोबाइलवर आफ्रिकेतल्या चाड देशाचा नकाशा उघडला. कोरो तोरो. कितीही मोठं करा, नुसती पिवळी वाळू.

१९९५ मध्ये फ्रेंच जीवाश्मशास्त्रज्ञ मिशेल ब्रुने यांच्या चमूला याच भागात ऑस्ट्रेलोपिथेकसच्या जबड्याचा पुढचा तुकडा सापडला. सुमारे ३५ लाख वर्षं जुना, आणि तोही ल्युसी जिथे सापडली त्या पूर्व आफ्रिकेच्या खचदरीपासून २,५०० किलोमीटर पश्चिमेला! ब्रुनेंनी त्याला ‘आबेल’ म्हटलं, आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या नावावरून. मला हे फार भावतं.

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, आता तिथे काय आहे?”

तुरुंग, म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये चाडची राजधानी एन्जामेनात लष्करी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर शेकडो जणांना ट्रकमध्ये कोंबून वाळवंटातून इथवर आणलं. काही जण वाटेतच गेले, प्यायला पाणी नव्हतं. त्यात अठराच्या आतली मुलंही होती. हे सांगताना माझा आवाज बसला.

घंटा झाली तरी ती माझा मोबाइल हातात धरून होती. एन्जामेनापासून वर बोट सरकवत रस्ता शोधत होती.